मुंगीवाट

चैत्र महिना. भर दुपार. आभाळात एकही ढग नाही. नवलवाडीची माणसं भाकरी खाऊन आपापल्या घरात आडवी झालेली. तेवढ्यात वाडी पेटली.

हां, आता गप पडा. रंजे, पाय आत घे. गजा, तिचं पांघरूण ओढू नकोस. गोष्ट आगीपासून सुरू झाली म्हणून घाबरायचं नाही. यात राजा आहे, मेंढी आहे, बोलणारं झाडही आहे. पण सगळे मी आणीन तेव्हा येतील, तुम्ही बोलवाल तेव्हा नाही.

तर नवलवाडी ही घोंगडी विणणाऱ्यांची वाडी. तुम्ही आत्ता पांघरलंय ना, तसलंच घोंगडं. ते कसं करतात, ठाऊक आहे? मेंढी कातरायची, लोकर पिंजायची, सूत कातायचं. मग मागावर दोन लांब पट्ट्या विणायच्या. चिंचोके भाजून, दळून, शिजवून त्यांची खळ करायची आणि ती चोळून पट्ट्या ताठ करायच्या. मग दोन पट्ट्या मधोमध शिवल्या की झालं घोंगडं. आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला असतो काठ.

त्या मुलखात काठ म्हणजे काय होतं, बरं का, तर माणसाचं नाव, गाव आणि आडनाव. कोणाचा काठ करवतीच्या दातांसारखा, कोणाचा चिंचेच्या पानासारखा. रानात कोणी परका निजलेला दिसला तर त्याला उठवायचं नाही. काठ बघायचा आणि ओळखायचं, हा अमक्या घरचा. पंचायत बसली की बोलणाऱ्याने आधी आपल्या काठावर हात ठेवायचा आणि मग तोंड उघडायचं. ज्याला काठ नाही त्याचं बोलणं कोणी धरायचं नाही. आणि कायदा एकच होता. एक काठ, एक घराणं. एकाच काठाची दोन घराणी असायची नाहीत.

नवलवाडीच्या काठाचं नाव होतं मुंगीवाट. काळ्या लोकरीवर तांबड्या सुताची बारीक रांग. इतकी जिवंत, की बघणारा बोट लावून पाहायचा, चावते की काय! अख्खी वाडी एकाच घराण्याची, आणि सगळ्यांचा काठ तोच.

काठ शिकवायची रीतही ऐका. तो डोळ्यांनी शिकायचाच नाही. आईने मागावर बसायचं, लेकराला मांडीत घ्यायचं, त्याचा हात आपल्या हाताखाली धरायचा आणि दोघांनी डोळे मिटायचे. हाताने हाताला सांगायचं. बघून बघून उतरवलेला काठ दिसायला तसाच दिसतो, पण दुसऱ्या धुण्याला विरतो.

आता राजा.

राजा चांगला होता की वाईट? रंजे, राजा राजा होता. त्याचा आजा घोड्यावर बसून, तलवार घेऊन कुठून तरी आला होता. त्याने किल्ला घेतला, खजिना घेतला, मुलूख घेतला. पण काठ काही त्याला घेता आला नाही. दरबार भरायचा. मेंढपाळ यायचे, विणकर यायचे. ज्याचा त्याचा हात काठावर जायचा. राजाचा हात मात्र मांडीवर. त्याच्या अंगावर रेशीम होतं, जरतार होती, मोती होते, पण काठ नव्हता. लोक हसत नव्हते. लोक नुसते त्या हाताकडे बघायचे, आणि राजाला ते हसण्याहून जास्त लागायचं.

मग राजाने काय केलं? मुलखातले सगळे काठ मागवले. ओळीने मांडले. बघितले. आणि म्हणाला, "हा. हा मुंगीवाट आमच्या घराण्याचा."

प्रधान म्हणाला, "महाराज, तो नवलवाडीचा आहे. एक काठ, एक घराणं."

राजा म्हणाला, "मग?"

एवढंच म्हणाला, बरं का. "मग?" त्यावर प्रधानाने मान लववली आणि तो बाहेर गेला. पुढे काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

आगीनंतर दवंडी पिटली. नवलवाडीवर वीज पडली. महाराजांना अतिशय दुःख झालं आहे.

वीज! चैत्रात, निरभ्र आभाळातून. आणि अख्ख्या मुलखात एकानेही वर बघितलं नाही.

त्याच दुपारी काय झालं, तर ओढ्याच्या खालच्या अंगाला करंजवाडी होती. तिथे राही नावाची एक एकटी म्हातारी लोकर धूत होती. वरून घोंगड्याची एक पट्टी वाहत आली. एकच, जोडीची नाही. खरी विणलेली आणि दाट खळीची, त्यामुळे ती बुडत नव्हती. तिच्यात गुंडाळलेलं एक तान्हं लेकरू अंगठा चोखत होतं. राहीने लुगडं खोचलं आणि ते पाण्यातून झेललं. झेललं म्हणून नाव ठेवलं झेलू.

राहीने पट्टीचा काठ पाहिला, आणि संध्याकाळी दवंडी ऐकताच काठ आत करून पट्टीची घडी घातली.  मुंगीवाट आता राजाचा होता. दुसऱ्या कोणाकडे सापडला तर हात तोडायचा हुकूम होता.

झेलू वाढली. तिची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, आकड्यासारखी. पोरी चिडवायच्या, "आकडीबाई, आकडीबाई, बिनकाठाची लेक!" मग मागावर बसायचं वय झालं. इतर पोरी आयांच्या मांडीत बसल्या. राहीने झेलूला जवळ ओढलं.

"ये, माझा करवत घे. माझ्यामागे कोणी नाही. काठ तरी तुझ्या हातात राहील."

दोघींनी डोळे मिटले. राहीचा हात करवतीचे दात विणू लागला आणि झेलूची करंगळी प्रत्येक दाताला अडकू लागली. सूत तुटलं. पुन्हा बसल्या, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदाही तुटलं.

राही वैतागली. "ही मेली करंगळी! कुठल्या मागासाठी घडवलीय देव जाणे."

झेलू म्हणाली, "म्हातारे, कुठला तरी असेल ना. मी तुझा काठ घेतला, तर माझा कोण घेणार?"

 राही उठली. उतरंडीच्या मागून ती पट्टी काढली आणि पोरीच्या पुढ्यात टाकली. "हा तुझा. विणणारा शेवटचा हात गेला की काठ मरतो, झेलू. कोणाच्या हातात शिल्लक असला तर शोध. नसला तर परत ये आणि माझ्यापाशी बिनकाठाची जग. जगता येतं, पण बोलता येत नाही."

झेलूने पट्टी खांद्यावर टाकली. तर काय नवल! पट्टी एकाच अंगाला ऊबदार लागे. वळलं की ऊब दुसरीकडे सरके. कारण तिला जोडीची पट्टी होती ना, आणि घोंगडं आपली जोड विसरत नाही. ऊब म्हणेल तिकडे झेलू निघाली.

मग वाटेत भेटली एक म्हातारी मेंढी. तिने पट्टी हुंगली.

"ही माझ्या आजीची लोकर," मेंढी म्हणाली. "नवलवाडीची. त्या दिवशी आम्ही माळावर होतो. खालून घोडे गेले. राजाचे घोडे. त्यांच्या पायातल्या घुंगरांवरून मी ओळखते."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," मेंढी म्हणाली, आणि आपल्या पोटाखालची मऊ लोकर तिने झेलूला दिली.

मग भेटला ओढा. तो म्हणाला, "एक बाई माझ्या कडेला लोकर धूत होती. तिने धूर पाहिला, घोडे पाहिले. शिवायला आणलेल्या दोन पट्ट्या होत्या तिच्यापाशी. एकीत तुला गुंडाळलं आणि माझ्या अंगावर सोडलं. दुसरी तिच्याच हातात होती. तिला शिपायांनी धरून नेलं."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मी त्या दिवसापासून तेच बोलतोय. लोक म्हणतात, ओढा काय छान खळखळतो!" असं म्हणून त्याने झेलूला भोपळाभर पाणी दिलं.

मग आली नवलवाडी. म्हणजे वाडी नव्हतीच. काळी माती होती आणि एक चिंचेचं झाड होतं. झाडाची एक बाजू हिरवी, दुसरी कोळसा.

झाड म्हणालं, "शिपाई माझ्याच सावलीत थांबले होते. त्यांच्या हातात पलिते होते. पोरी, मी बरीच वर्षं उभं आहे. मला एक सांग, भर दुपारी पलिता कशाला लागतो?"

 झेलूने झाडाला एवढंच विचारलं, "तुला कोणी विचारायला आलं होतं का?"

"आले होते. झाड किती जुनं आहे, ते विचारून गेले."

आणि झाडाने चिंचोके खाली टाकले, ओंजळभर.

झोपलास काय रे, गजा? नाही ना? मग "हं" तरी म्हण.

झेलू राजधानीत आली. दरबारात अंथरलेलं होतं राजाचं महाघोंगडं. मुलखातल्या सगळ्या काठांची नक्कल त्यात भरलेली, आणि चारी बाजूंना मुंगीवाट. परदेशचे पाहुणे यायचे, बोटं तोंडात घालायचे. प्रधान सांगायचा, "हा आपल्या महाराजांचा पिढीजात काठ. आम्ही वारसा जपतो." पाहुणे टाळ्या वाजवायचे.

झेलू सरळ त्यावर चालत गेली. खांद्यावरची पट्टी उलगडली, काठ वर केला, त्यावर हात ठेवला आणि बोलली, "मी नवलवाडीची. हा काठ माझा. माझी वाडी जाळली. माझे तीन साक्षीदार आहेत. मेंढी, ओढा आणि चिंच."

 शिपाई धावले. पण तिचा हात काठावर होता, आणि काठावर हात ठेवलेल्याला अडवायचं नाही, हा कायदा राजाच्याही आधीचा. राजा हसला. "चौकशी करा," म्हणाला.

प्रधानाने चौकशी केली. तीन दिवस केली. चौथ्या दिवशी येऊन सांगितलं, "महाराज, मेंढी मिळाली. पण काल मुदपाकखान्यात तिचं कालवण झालं, चुकून. चिंच धोकादायक झाली होती, म्हणून तोडली. आणि ओढा वळवून आपल्या बागेत घेतलाय. तो आता कारंज्यात आहे, त्याला बोलायला सवड नाही. बाकी चौकशी चालू आहे."

दरबारी हसले. काही जण तर पोट धरून हसले, कारण राजा बघत होता.

झेलू रडली का? रडली. का नाही रडणार? मेंढीची लोकर तिच्या ओटीत होती. पण डोळे पुसले आणि म्हणाली, "साक्षीदार खाल्लेत, तोडलेत, वळवलेत. ठीक आहे. आता काठालाच विचारू. महाराज, काठ तुमचा आहे ना? मग डोळे मिटून विणा."

आता राजाच्या कपाळाला घाम आला. तो म्हणाला, "राजे विणत नाहीत. आमच्या वतीने आमचा राजमाग विणतो."

दरबाराच्या कडेला एक जाड पडदा होता. त्याच्या मागे तो राजमाग. पडद्याच्या फटीतून फक्त दोन हात बाहेर यायचे. कोणाचे, ते कोणी विचारायचं नाही. कारण खरं असं होतं, बरं का, की राजाच्या कारागिरांना मुंगीवाट कधी जमलाच नाही. त्यांनी भिंगं लावून पाहिलं, सुतं मोजून पाहिली. दुसऱ्या धुण्याला सगळं विरायचं. म्हणून शिपायांनी ओढ्यावरून आणलेली ती एक बाई राजाने जिवंत ठेवली होती. गिरजा तिचं नाव. तिला सांगितलं होतं, "तुझं कोणी उरलं नाही. आम्ही तुला आगीतून वाचवलं." तिने एक अक्षर मानलं नव्हतं. पण ती विणत राहिली. विणलं नाही तर काठ मरेल, म्हणून ज्यांनी वाडी जाळली त्यांच्यासाठीच विणत राहिली. याहून कडू काही असतं का, मला ठाऊक नाही.

झेलू म्हणाली, "विणू द्या. पण सूत माझं." तिने मेंढीची लोकर कातली. ओढ्याच्या पाण्यात धुतली. चिंचोक्यांची खळ करून सुताला लावली. कोणी अडवलं नाही, सगळ्यांना गंमत बघायची होती.

पडद्यातून हात आले. त्यांनी सूत घेतलं आणि ते थबकले. त्या सुताला माहेरचा वास होता. मग हात विणू लागले. तांबडी मुंगी, तिच्यामागे मुंगी, तिच्यामागे मुंगी. डाव्या हाताची करंगळी प्रत्येक मुंगीला सुताचा फेर धरत होती, आकड्यासारखी. सरळ करंगळीला तो फेर धरताच येत नाही, मग भिंगं लावा नाही तर दुर्बिणी लावा.

"झालं?" राजा ओरडला. "पाहिलंत? आमच्या मागावर आमचा काठ!" दरबाराने जयजयकार केला.

आणि त्या गलक्यात झेलू मागापाशी बसली. डोळे मिटले. आणि आपला डावा हात त्या हाताखाली सरकवला.

वरचा हात थांबला. त्याने खालच्या हाताची बोटं चाचपली. एक, दुसरं, तिसरं. मग करंगळी. करंगळीत करंगळी अडकली, कडी कोयंड्यात बसावी तशी.

पडद्यामागून आवाज आला. पुष्कळ दिवस न वापरलेला आवाज. "बारशाच्या दिवशी तुझ्या हाताने मी एक मुंगी विणून घेतली होती. दुसरी राहिली होती."

"मग शिकव," झेलू म्हणाली.

दोघी विणू लागल्या. हाताने हाताला सांगितलं. आणि झेलूच्या बोटाखाली तिची स्वतःची पहिली मुंगी पुरी झाली, तेव्हा ती हलली.

खरंच हलली! पाय झटकले, मिशा पुसल्या आणि सुतावरून चालू लागली. तिच्यामागे दुसरी. मग राजाच्या महाघोंगड्याच्या काठातली एकेक मुंगी उठली. चारी बाजूंनी उठल्या. पाहुण्यांच्या जोड्यांवरून, सिंहासनाच्या पायरीवरून, राजाच्या मांडीवरच्या त्या रिकाम्या हातावरून रांगेने चालत गेल्या आणि झेलूच्या पट्टीच्या काठात जाऊन शिरल्या. जाता जाता एकीने राजाला चावलं म्हणतात. मी तिथे नव्हते, पण चावलं असावं.

महाघोंगडं उसवलं. पडदा गळून पडला. तिथे गिरजा बसली होती, मांडीवर दुसरी पट्टी घेऊन. मायलेकींनी दोन्ही पट्ट्या मधोमध शिवल्या. त्यांनी त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही.

मग राजाचं काय झालं? राज्य गेलं? डोकं उडालं? नाही रे. तुम्हा पोरांना वाटतं गोष्टीत तसं होतं. राजाने दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटवली, की महाराजांनी मोठ्या मनाने आपला पिढीजात काठ एका गरीब मुलीला दान केला आहे. लोक म्हणाले, काय दिलदार राजा! प्रधानाला सोन्याचं कडं मिळालं. राजा पुढे पुष्कळ जगला, आणि मेला तोही झोपेत.

आणि झेलू, गिरजा आणि राही म्हातारी नवलवाडीत येऊन राहिल्या. चिंचेच्या खोडाला धुमारे फुटले. ओढ्याचं थोडं पाणी बागेतून चोरवाटेने परत आलं. झेलूचं लग्न झालं, पोरं झाली, एकेकाची करंगळी अशी वाकडी! मांडीत बसून काठ शिकली. पंचायतीत काठावर हात ठेवून मोठ्याने बोलू लागली. सगळी सुखात राहिली. तुम्हीही सुखात राहा. मिटा डोळे. मिटलेल्या डोळ्यांनीच काठ शिकायचा असतो, ठाऊक आहे ना?

काय गं रंजे, अजून काय? दुपारीच होती ना आग, मग माणसं पळाली का नाहीत, म्हणतेस?

झोप म्हटलं ना.

बरं. एवढं ऐक आणि झोप. नवं घर बांधायला झेलूने काळी माती खणली, तेव्हा तिला घरोघरच्या दारांच्या कड्या सापडल्या. लाकूड जळून गेलं होतं, लोखंड उरलं होतं. कड्या कोयंड्यात अडकलेल्या होत्या. नवलवाडीत आतून लावायला लाकडी अडसर असायचा. कडी असायची ती दाराच्या बाहेरच्या अंगाला.

झेलूने त्या सगळ्या कड्या चिंचेला टांगल्या. वारा आला की वाजतात. राजे बदलले, प्रधान बदलले, सगळे त्या वाटेने गेले, सगळ्यांनी ऐकल्या. त्या दुपारी त्या कड्या बाहेरून कोणी लावल्या, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.